पोटरी पावणेसतरा : एका चुडीदारच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

काम : नोव्हेंबरात मामेभावाचं लग्न आहे, त्यासाठी स्वतःच्या हातानं शिवलेला चुडीदार. शिवणक्लास फेब्रुवारीपासून चालू आहे. परकर, ब्लाउज, साधी सलवार झाली. वजन उतरवायचंही आजपासूनच धरलंय, म्हणून दोन्हींच्या नोंदी एकाच वहीत. टेप एकच आहे, वह्या दोन कशाला?

आजची मापं : वजन ७८.४ किलो. कंबर ३८ इंच, मांडी २५, गुडघा १६, पोटरी पावणेसतरा.

पोटरीचा आकडा पेन्सिलनं लिहिलाय. बाकीचे पेननं.

चुडीदारच का, हे एकदा लिहून टाकते. सहा वर्षांपूर्वी एका दुकानात चुडीदार शिवायला टाकला होता. दुकान भरलेलं, लग्नसराईचे दिवस. माप घेणाऱ्यानं पोटरीभोवती टेप फिरवली आणि आत बसलेल्या पोराला ओरडून सांगितलं, "पोटरी सतरा लिही, सतरा!" मग माझ्याकडं बघून, "ताई, तुम्ही पटियालाच शिवा, चुडीदार काय बसायचा न्हाई." तेव्हापासून पटियाला, पलाझो, साडी. पोट सुटलंय ते मी चारचौघांत हसत सांगू शकते. पोटरीबद्दल कधीच बोललेली नाही. पोट जेवणानं आलं, जेवणानंच जाईल असं वाटतं. पोटऱ्या मात्र आठवीत खो-खो खेळत होते तेव्हाही अशाच होत्या, आणि वर्गातली पोरं मला 'पैलवान' म्हणायची.

(घरात मी अजून 'जातो', 'येतो', 'जेवलो' असंच बोलते, आमच्याकडं सगळ्याच बायका बोलतात. लिहायला बसलं की शाळेतल्या बाई पाठीशी उभ्या राहतात आणि हात 'गेले', 'जेवले' लिहितो. वहीत तेच राहू दे.)

८ जून, रविवार

७७.९. सकाळी रंकाळ्याला एक फेरी. भाकरी दोनाची एक केली, रात्रीचं जेवण साडेसातला. रविवारची मिसळ बंद नाही केली, फक्त कट दुसऱ्यांदा मागत नाही आणि पाव एकच.

रंकाळ्यावर सगळ्या बायका थ्री-फोर्थमध्ये. मी पायघोळ ट्रॅकपँटमध्ये घामाघूम. शालिनी पॅलेसच्या बाजूला मागून दोन पोरी येत होत्या, त्या हसल्या. कशाला हसल्या देव जाणे, पण मी बाजूला होऊन चप्पल ठीक करायचं नाटक केलं आणि त्यांना पुढं जाऊ दिलं. पोटऱ्या मागून दिसतात, हा त्यांचा खरा त्रास. आपल्याला स्वतःला त्या कधी दिसत नाहीत. पन्हाळ्याच्या सहलीत तीन दरवाजापाशी नवऱ्यानं मागून काढलेला एक फोटो आहे, तोच माझा पुरावा. तो मी गुडघ्यापासून खाली कापून ठेवलाय.

१५ जून, रविवार

डॉक्टरांकडं काल जाऊन आले. निमित्त बीपीचं, विचारायचं होतं पायांचं. आमच्या गल्लीतले जुने डॉक्टर, त्यांनी हसण्यावारी नेलं नाही हे लिहून ठेवायला हवं.

आधी नडगीवर अंगठा दाबून धरला, सोडल्यावर खळगा राहतो का बघितलं. राहिला नाही, म्हणजे पाणी साठलेलं नाही. मग विचारलं, दोन्ही पाय सारखे आहेत ना? एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला तर त्याच दिवशी यायचं, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. दोन्ही सारखेच आहेत. मग एक असं विचारलं जे मी कधी ऐकलं नव्हतं : दाबल्यावर दुखतं का, जरा लागलं तरी काळंनिळं पडतं का, आणि जाडी घोट्यापाशी येऊन एकदम थांबते का, म्हणजे पाऊल बारीक आणि वर जाड? बायकांमध्ये लिपेडेमा नावाचा प्रकार असतो, त्यातली चरबी जेवण कमी करून फारशी हलत नाही, आणि बायका वर्षानुवर्षं स्वतःला आळशी समजत राहतात. माझ्यात यातलं काही नाही.

शेवटी म्हणाले, टाचा उचलून चवड्यावर उभ्या रहा. राहिले. पोटरीवर बोट मारून म्हणाले, "दगड आहे. ह्याला चरबी म्हणत नाहीत." चिमटीत धरायला गेले तर कातडी जेमतेम आली. वर दोन फाट्यांचा गॅस्ट्रॉक्नेमियस नावाचा स्नायू, त्याच्याखाली चपटा सोलियस, दोन्ही मिळून एका कंडरेनं टाचेला बांधलेले. स्नायूचा मांसल भाग कुठं संपतो आणि कंडरा कुठून सुरू होते, हे जन्मतःच ठरलेलं असतं. ज्यांची कंडरा लांब त्यांची पोटरी वर गोळा होते आणि खाली पाय बारीक दिसतो. माझी खालपर्यंत भरलेली.

"आणि अठ्ठ्याहत्तर किलो रोज उचलून चालताय," म्हणाले, "जिमला पैसे देऊन लोक हेच करतात."

थायरॉइडची तपासणी लिहून दिली.

२४ जून, मंगळवार

थायरॉइड ठीक.

एक मूर्खपणा. चार रात्री क्रेप बँडेज पोटरीला घट्ट गुंडाळून झोपले. सकाळी माप साडेसोळा, मी खूश. ऑफिसमधून आल्यावर पुन्हा पावणेसतरा, वर बँडेजच्या विणीचे वळ उठलेले, नवऱ्याला दिसू नयेत म्हणून पाय पदराखाली. आज बँडेज न बांधता झोपून उठल्या उठल्या मोजलं, तरी साडेसोळा! म्हणजे बँडेजचं काहीच नव्हतं. दिवसभर पतसंस्थेच्या काउंटरवर बसून पायात पाणी उतरतं, रात्री आडवं झाल्यावर वर जातं. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. बसून राहिलं की ते हृदय सुट्टीवर. आता तासातून एकदा उठून रेकॉर्ड रूमपर्यंत जाऊन येते.

नियम : माप रविवारी सकाळी, उठल्यावर, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, सगळ्यात जाड जागी. टेप आवळायची नाही.

या हिशोबानं सुरुवातीचा पावणेसतरा संध्याकाळचा होता. खरा साडेसोळा. पेन्सिलीचा फायदा.

६ जुलै, आषाढी एकादशी

७६.६. उपवासाची साबुदाणा खिचडी. वजन उतरवणाऱ्या माणसानं एकादशी जपून करावी.

दहा दिवस चालणं बंद होतं. पाऊस हे एक कारण. दुसरं कारण वहीतच लिहिता येईल : चालून पोटऱ्या आणखी मोठ्या होतील अशी भीती. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, सपाटीवर चालून पोटरी वाढत नाही, तिला त्याची सवय आहे. वजन उतरेल तसं तिच्यावरचं ओझंच कमी होईल. पण एकाच जागची चरबी हुकमानं जात नाही, शरीर कुठून घ्यायचं ते स्वतः ठरवतं.

माझं शरीर गळ्यापासून सुरू झालंय. मंगळसूत्र सैल पडतंय.

१६ जुलै, बुधवार

काल गल्लीची त्र्यंबोली यात्रा. आषाढातल्या मंगळवार-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन टेंबलाईला जायचं, पुढं पी-ढबाक वाजतंय, रस्ता चिखलाचा. मी कलश घेतला होता. साडी असल्यानं पायांची चिंता नाही. टेकडीच्या चढाला बाकीच्या थांबत थांबत येत होत्या, मी एका दमात वर. जाऊबाई मागून म्हणाल्या, "काय गं, पाय हायत का इंजिन?"

बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं, कारण पायांबद्दल बोललं की माझ्या पोटात गोळा येतोच.

नंतर मटणाचं जेवण. तांबडा दोन वाट्या, पांढरा तीन. मोजल्या होत्या, थांबले नाही. आज वजन ७७.३, परवापेक्षा सव्वा किलो जास्त. एवढी चरबी एका जेवणात चढायला नऊ-दहा हजार कॅलरी लागतील, तेवढं पातेलंच नव्हतं. हे मीठ आणि त्यानं धरून ठेवलेलं पाणी. चार दिवस काटा बघायचा नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

माहेरी, मंगळवार पेठेत. आत्तीला बघायला. मार्चमध्ये न्हाणीत घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हापासून अंथरूण आणि खुर्ची. वय ७१.

मी गेले तेव्हा फिजिओथेरपीची मुलगी आलेली. तिनं आत्तीचं लुगडं वर सारून पोटरीला टेप लावली. मला वाटलं ह्या वयात हे माप कशाला? ती म्हणाली, म्हातारपणी अंगातलं मांस किती उरलंय याचा हा सोपा अंदाज असतो. आशियातल्या डॉक्टरांनी २०१९ साली ठरवलेली रेघ आहे : बाईची पोटरी ३३ सेंटिमीटरच्या खाली, पुरुषाची ३४ च्या खाली गेली तर स्नायू घटलेत का हे पुढं तपासायचं. ३३ सेंटिमीटर म्हणजे १३ इंच. आत्तीची साडेअकरा.

भिंतीवर आबांचा फोटो आहे, खासबागच्या कुस्ती मैदानात घेतलेला. लांग, अंगाला लाल माती. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या त्या मैदानात आबा दोनदा उतरले, एकदा जिंकले, एवढं घरात सांगतात. फोटोत त्यांच्या पोटऱ्या बघितल्या. पाहुणे अजून त्या फोटोपुढं थांबून "काय पाय हायत!" म्हणतात. खालपर्यंत भरलेल्या. माझ्याच.

"माझ्याबी तसल्याच हुत्या," आत्ती म्हणाली. "लग्नात सासूनं बघून नाक मुरडलंतं. म्हणाली, पोरगी हाय का तालमीतला गडी. आता बघ. काठी."

तिला दिलेला व्यायाम : ओट्याला धरून टाचा वर-खाली, दहा-दहा वेळा. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, जमेल तेवढं. रोज दूध, अंडं किंवा घट्ट वरण. आत्ती अंडं खात नाही, दुधावर मात्र तुटून पडते. धाकटा भाऊ गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून तिच्यासाठी म्हशीचं आणतो, समोर पिळलेलं.

परत येताना पायांचा विचार केला नाही असं नाही. केला. फक्त वेगळा होता, तो नीट सांगता येत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

७३.८. गणपतीत उकडीचे मोदक पाच. कंबर साडेपस्तीस, मांडी पावणेचोवीस. पोटरी साडेसोळाला पाव कमी. तीन महिन्यांत पाव इंच. कंबरेचे अडीच गेले. ऑफिसात सगळ्यांनी ओळखलं, "किती उतरलीस गं!" वरचं अंग आटल्यानं पोटऱ्या आधीपेक्षा उठून दिसतात. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

चुडीदारचा पहिला नमुना, मांजरपाटात, म्हणजे कोऱ्या जाड सुती कापडात. पूर्ण फसला.

चुडीदार उरेब कापतात. कापडाची आधी पिशवी शिवायची आणि ती तिरकी कापायची, म्हणजे कापडाला ताण घेण्याचा गुण येतो. एवढं क्लासमध्ये झालं होतं. घोटाळा मापात. बाईंच्या तक्त्यात माझ्या छातीला पोटरी १४ आहे. मी धरली १५. मोजली होती सव्वासोळा, पण लग्नापर्यंत उतरेल असा हिशोब केला. बाईंना खोटं सांगितलं, १५ आहे म्हणून.

मोहरीतून, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडातून, टाच गेली. घोटा गेला. मग पोटरीच्या निम्म्यावर कापड जे अडकलं ते ना वर ना खाली. क्लासच्या पडद्यामागं एका पायावर उभी, दुसरा पाय मांजरपाटात. बाईंना बोलवावं लागलं. त्यांनी काही न बोलता शिवण उसवली, टेप काढली आणि स्वतः मोजलं. ओरडून नाही, हळू. वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, "व्हायच्या मापावर कापड कापायचं नाही. आहे त्या मापावर कापायचं."

आणखी एक गोष्ट त्यांना सापडली, ती जास्त मोलाची. तक्ता धरतो की पोटरीचा जाड भाग गुडघ्याखाली चार इंचांवर असतो. माझा साडेपाचवर. डॉक्टर म्हणाले होते ते इथं टेपवर दिसलं : मांस खालपर्यंत उतरलंय, कंडरा आखूड. म्हणजे घेर वाढवला असता आणि जागा तीच ठेवली असती तरीही अडकलंच असतं, फक्त दीड इंच खाली. सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुकानात सतरा ओरडलं गेलं, पण कुठं सतरा हे कुणी मोजलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, रविवार

७२.१. नवरात्र, अनवाणी. पहिले दोन दिवस पोटऱ्या भरून आल्या. चपलेची टाच अर्धा-पाऊण इंच तरी उंच असते, ती गेली की टाचेमागची कंडरा रोजच्यापेक्षा जास्त ताणली जाते. आता सवय झाली. पहाटे अंबाबाईच्या रांगेत दीड तास उभी होते, तिथं कुणाचेच पाय कुणी बघत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

खरं कापड आणलं, महाद्वार रोडवरून. गर्द हिरवं कॉटन, तीन मीटर. आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतलं, आटायचं ते आधीच आटू दे.

आखणी : पोटरी सव्वासोळा, त्यात सव्वा इंच सैल, म्हणजे तयार घेर साडेसतरा. गुडघ्याखाली साडेपाचवर. तिथून मोहरीपर्यंत रेघ सरळ नाही, आत वळवून. टाच आणि पाऊल मिळून घेर साडेबारा, मोहरी साडेदहा, बाजूला तीन इंचांची चीर आणि टिचबटणं. चुण्यांसाठी लांबी पाच इंच जास्त. जाड भाग खाली असल्यानं चुण्यांना जागा कमी पडते, बहुधा चारच बसतील. बाई म्हणाल्या, चार पुष्कळ झाल्या, आठ चुण्या म्हणजे अकॉर्डियन.

आकडे पेननं लिहिले.

२ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीत चकली, करंजी, बेसन लाडू. ७१.० वर अडकलेय. असू दे.

शिवून झाला. घातला. गेला. उकिडवी बसून बघितलं, मांडी घालून बघितलं, जिना चढून बघितला. गुडघ्यामागं जरा ताणतोय, तिथं पाव इंच सोडलं.

आरशात पाठमोरी उभी राहून मान वळवून बघितलं. पोटऱ्या दिसतात. चुडीदार आहे, दिसणारच. कुडत्याची उंची दोन इंच वाढवायचा मोह झाला. एक इंच वाढवली.

२३ नोव्हेंबर, रविवार

लग्न. ६९.८ (काल सकाळी). कंबर सव्वाचौतीस, मांडी पावणेतेवीस, पोटरी सव्वासोळा. आठ किलोंहून जास्त गेले, पोटरीचा पाव इंच गेला.

पंगतीत मांडी घालून जेवले, शिवण टिकली. डाव्या मोहरीचं एक टिचबटण अक्षता पडायच्या आधीच तुटलं, सेफ्टी पिन लावली. फोटोवाल्यानं नाचताना मागून काढलं असणार. अजून बघितले नाहीत. मामी म्हणाली, "कुठं शिवलास?" नवरीच्या मैत्रिणीनं मोहरी उलटी करून आतली शिवण बघितली, ही खरी पावती.

एका काकूंनी पायाकडं बघून "वजन उतरलं, पण पाय तसंच हायत की तुझं" म्हटलंच. मी म्हटलं, "आबांचं हायत." पुढं काही सुचलं नाही, त्यांनाही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

चुडीदार धुतला. उरेब कापड वाळताना लोंबून पाऊण इंच वाढलं, पुढच्या वेळी आडवं घालून वाळवायचं. टिचबटणांऐवजी हूक.

माहेरी गेले. आत्ती आता काठीनं न्हाणीपर्यंत एकटी जाते. लुगडं पायात येतं म्हणून रात्री घालायला सैल पायजमा हवा म्हणाली, नाडीचा. हिरव्याचं उरलेलं पुरणार नाही, मांजरपाट आहे.

माप घेतलं. कंबर ३०, उंची ३५, मोहरी ९. पोटरीचं माप पायजम्याला लागत नाही. आत्तीनं स्वतःच पाय पुढं केला, "मोज की."

बारा.